पॉवर कमी-जास्त होत असताना कार्यक्षमता टिकवणारा आरएफ पॉवर अ‍ॅम्प्लिफायर: डिझाइनची सुरुवात कुठून करायची

डेटाशीटवर ७० टक्के कार्यक्षमता छापलेली असते. तोच ट्रान्झिस्टर बोर्डवर बसवून त्यात खरा मॉड्युलेटेड सिग्नल सोडला की हाती जेमतेम पंचवीस-तीस टक्के लागतात आणि हीटसिंकला हात लावता येत नाही. डेटाशीट खोटी नसते आणि तुमचे मोजमापही चुकलेले नसते. ७० टक्के हा आकडा पूर्ण पॉवरचा असतो, आणि आजचे बहुतेक सिग्नल पूर्ण पॉवरवर अगदी थोडा वेळ असतात. उरलेला सगळा वेळ अ‍ॅम्प्लिफायर खालच्या पॉवरवर चालतो आणि तिथेच वीज वाया जाते.

नव्याने या कामाला लागणारे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी 'डोहर्टी करायचा' (पॉवरप्रमाणे लोड बदलणारी जोडरचना) किंवा 'एन्व्हलप ट्रॅकिंग करायचे' (सिग्नलच्या उंचीप्रमाणे पुरवठा व्होल्टेज हलवणे) हे ठरते, मग ट्रान्झिस्टर निवडला जातो आणि सिग्नल कसा आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तुम्हाला स्मिथ चार्ट वाचता येतो, एस-पॅरामीटर माहीत आहेत आणि लहान सिग्नलचा एखादा अ‍ॅम्प्लिफायर तुम्ही हाताळला आहे, एवढे मी धरून चाललो आहे.

आधी जवळ काय हवे

कागदपत्रांपैकी तीन गोष्टी मिळाल्याशिवाय सिम्युलेशन उघडू नका: ट्रान्झिस्टरची पूर्ण डेटाशीट, उत्पादकाने दिलेले नॉनलिनियर मॉडेल आणि ज्या सिग्नलसाठी अ‍ॅम्प्लिफायर हवा त्याचा तपशील, म्हणजे बँडविड्थ, सरासरी पॉवर, पीक-टू-अ‍ॅव्हरेज गुणोत्तर आणि शेजारच्या चॅनेलमध्ये किती गळती चालते ती मर्यादा. नॉनलिनियर मॉडेल मिळत नसेल तर निदान लोड-पुलचा डेटा (वेगवेगळ्या लोडवर किती पॉवर आणि कार्यक्षमता मिळते तो) तरी हवा. फक्त एस-पॅरामीटरवर पॉवर अ‍ॅम्प्लिफायर होत नाही, कारण ते लहान सिग्नलला, एका ठरावीक बायसवर मोजलेले असतात.

उपकरणांमध्ये:

- हार्मोनिक बॅलन्स (मोठ्या सिग्नलला नॉनलिनियर सर्किट सोडवण्याची पद्धत) करणारे सिम्युलेटर
- सिग्नल जनरेटर आणि पुरेशा पॉवरचा ड्रायव्हर अ‍ॅम्प्लिफायर
- नेटवर्क अ‍ॅनालायझर, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, पॉवर मीटर
- पेलवेल अशा वॅटेजचे अटेन्युएटर आणि ५० ओहमचा डमी लोड
- डायरेक्शनल कपलर, लो-पास फिल्टर
- करंट लिमिट लावता येणारे दोन स्वतंत्र डीसी पुरवठे
- थर्मल कॅमेरा, तो नसेल तर थर्मोकपल

अँटेना या यादीत मुद्दाम नाही. प्रयोग चालू असताना आउटपुट नेहमी डमी लोडमध्येच जाऊ द्या. परवान्याशिवाय हवेत सिग्नल सोडणे जवळपास सगळीकडे बेकायदा आहे आणि अर्धवट अ‍ॅम्प्लिफायर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोंब मारेल याचा भरवसा नसतो.

## १. सिग्नल कुठल्या पॉवरवर किती वेळ असतो ते काढा

सिग्नलची फाइल घ्या, प्रत्येक सॅम्पलची तात्कालिक पॉवर काढा आणि हिस्टोग्राम मांडा. काम एवढेच आहे, पण पुढचा प्रत्येक निर्णय या चित्रावर उभा राहतो.

एफएम किंवा जीएमएसकेसारख्या सिग्नलचा एन्व्हलप (उंचीची बाह्यरेषा) स्थिर असतो, त्यामुळे हिस्टोग्राममध्ये एकच उभी रेघ दिसेल. ओएफडीएमचे (एकाच वेळी अनेक सबकॅरियरवर डेटा पाठवणाऱ्या पद्धतीचे) चित्र वेगळे. त्यात अनेक सबकॅरियर अधूनमधून एकाच फेजमध्ये येतात आणि क्षणभर उंच शिखर उठते. अशा सिग्नलचे पीक-टू-अ‍ॅव्हरेज गुणोत्तर १० डीबीच्या वर सहज जाते. क्रेस्ट फॅक्टर रिडक्शन (शिखरे आधीच छाटणे) लावून ते ७-८ डीबीपर्यंत खाली आणतात. ८ डीबी धरले, तर शिखराला १० वॅट देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची सरासरी पॉवर साधारण १.६ वॅटच भरते.

इथे दोन वेगळे बदल एकमेकांत मिसळू देऊ नका. एक बदल सिग्नलच्या आतला, नॅनोसेकंदांत होणारा. दुसरा बाहेरचा: लिंक जवळची आहे म्हणून ट्रान्समीटरला पॉवर कमी करायला सांगितली, दिवसभराच्या गर्दीप्रमाणे लोड बदलला. हा मिलिसेकंदांपासून तासांपर्यंत चालतो. दोन्हींचे हिस्टोग्राम वेगळे काढा. त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

## २. सरासरी कार्यक्षमता कागदावर मोजा

क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल असो वा नसो, तेवढीच वीज ओढतो. पूर्ण पॉवरला त्याची आदर्श कार्यक्षमता ५० टक्के असते आणि पॉवर दहाव्या हिश्शावर आली की ती ५ टक्के होते. क्लास बी मध्ये डीसी करंट सिग्नलच्या व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो, म्हणून घसरण सौम्य आहे: पूर्ण पॉवरला ७८.५ टक्के, ६ डीबी खाली ३९ आणि १० डीबी खाली सुमारे २५ टक्के.

आता एक साधा सिग्नल घेऊ. तो १० टक्के वेळ १० वॅटवर असतो, ३० टक्के वेळ ४ वॅटवर आणि ६० टक्के वेळ १ वॅटवर. सरासरी आउटपुट २.८ वॅट.

- क्लास ए सतत २० वॅट ओढणार. सरासरी कार्यक्षमता १४ टक्के, उष्णता १७ वॅटच्या वर.
- क्लास बी तीन पातळ्यांवर अनुक्रमे १२.७, ८.१ आणि ४ वॅट ओढतो. वेळेच्या हिश्शाने बेरीज केली की ६.१ वॅट. कार्यक्षमता ४६ टक्के, उष्णता ३.३ वॅट.
- आदर्श डोहर्टीत ४ वॅटला ७० टक्के आणि १ वॅटला ५० टक्के मिळतात. सरासरी ओढ ४.२ वॅट, कार्यक्षमता ६७ टक्के, उष्णता १.४ वॅट.

क्लास बी आणि डोहर्टी दोघांचीही शिखरावरची कार्यक्षमता ७८.५ टक्केच आहे. तरीही एकाची उष्णता दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून शिखरावरची कार्यक्षमता ७० वरून ७४ करण्यासाठी आठवडे घालवण्यापूर्वी ही बेरीज करून बघा. बहुतेक वेळा तेवढाच वेळ ६ ते १० डीबी खालच्या पट्ट्यावर घालवला तर फायदा कितीतरी जास्त निघतो.

सरासरी काढताना टक्क्यांची सरासरी काढायची नाही. आउटपुट पॉवरची सरासरी वेगळी, डीसी पॉवरची सरासरी वेगळी, मग भागाकार. टक्क्यांची सरासरी काढलेले तक्ते अहवालांतून सर्रास दिसतात आणि ते दिशाभूल करतात.

## ३. पद्धत निवडा

एन्व्हलप स्थिर आहे आणि फक्त पॉवरची पातळी बदलायची आहे? मग रेषीय अ‍ॅम्प्लिफायरच्या वाटेला जाऊच नका. क्लास ई किंवा क्लास एफसारखा स्विचिंगच्या अंगाने जाणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि ड्रेनचा पुरवठा एका चांगल्या बक कन्व्हर्टरने कमी-जास्त करा. क्लास ई मध्ये आउटपुट पॉवर पुरवठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २८ व्होल्टला १० वॅट मिळत असतील तर १४ व्होल्टला अडीच, आणि कार्यक्षमता जवळपास तीच. सावधगिरी एकच: आदर्श क्लास ई मध्ये ड्रेनवर पुरवठ्याच्या ३.५६ पट शिखर व्होल्टेज येते. २८ व्होल्टवर म्हणजे जवळजवळ १०० व्होल्ट. ट्रान्झिस्टरची ब्रेकडाउन मर्यादा आधी बघा.

एन्व्हलप हलतो, पण मोठा फरक मंद पॉवर कंट्रोलमुळे पडतो? तेव्हाही क्लास एबी (बायस ए आणि बी यांच्या मधला) अ‍ॅम्प्लिफायर आणि टप्प्याटप्प्याने बदलणारा पुरवठा एवढ्यावर भागते. या साध्या उपायाकडे लोक ढुंकून बघत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. सर्किटमध्ये फार काही नवे नसते आणि बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात बचत चांगली होते.

एन्व्हलप वेगाने हलतो आणि ६ ते १० डीबी खालची कार्यक्षमता हवी, तेव्हा खरी निवड डोहर्टी आणि एन्व्हलप ट्रॅकिंग यांच्यात असते. ठोकताळा असा: बेस स्टेशनसारखे ठरावीक बँडवर चालणारे, मोठ्या पॉवरचे यंत्र असेल तर डोहर्टी, मोबाइलसारखे लहान पॉवरचे, अनेक बँडवर फिरणारे असेल तर एन्व्हलप ट्रॅकिंग. शिरेक्सने १९३५ मध्ये मांडलेली आउटफेझिंगची पद्धतही आहे. त्यात स्थिर एन्व्हलपचे दोन सिग्नल फेज बदलून एकत्र केले जातात. कागदावर ती देखणी आहे, पण दोन वाटांमधले नेमके संतुलन राखणे जिकिरीचे. पहिल्या प्रकल्पाला ती घेऊ नका.

## ४. आधी एकच ट्रान्झिस्टर नीट बसवा

थेट डोहर्टीचे लेआउट काढायला बसू नका. त्यातला मुख्य अ‍ॅम्प्लिफायर आधी स्वतंत्रपणे, क्लास एबी मध्ये, धड चालला पाहिजे.

ट्रान्झिस्टरच्या निवडीवर थोडक्यात. साधारण ३.५ गिगाहर्ट्झच्या खाली एलडीमॉस (सिलिकॉनचा पॉवर ट्रान्झिस्टर) स्वस्त आणि दणकट पडतो. गॅलियम नायट्राइडमध्ये तेवढ्याच पॉवरला आउटपुट कपॅसिटन्स कमी असतो, त्यामुळे रुंद बँडचा डोहर्टी करणे सोपे जाते. त्याची एक खोडही आहे. मोठे शिखर येऊन गेले की ट्रॅपिंगमुळे (इलेक्ट्रॉन पदार्थात अडकून राहिल्यामुळे) शांत करंट, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट, काही काळ खाली बसतो आणि सावकाश वर येतो. लिनियरायझेशन (विकृती भरून काढणे) करताना हे त्रास देते.

लोडचा पहिला अंदाज हाताने काढा. पुरवठा २८ व्होल्ट, नी व्होल्टेज (ड्रेन व्होल्टेज याखाली गेले की करंट कोसळतो) ४ व्होल्ट आणि हवी असलेली पॉवर १० वॅट. उपलब्ध व्होल्टेज स्विंग २४ व्होल्ट. २४ चा वर्ग भागिले पॉवरची दुप्पट, म्हणजे ५७६ भागिले २०, उत्तर २८.८ ओहम. याला इष्टतम लोड म्हणू. नी व्होल्टेजमुळे क्लास बी ची कमाल कार्यक्षमताही ७८.५ वरून ७८.५ गुणिले २४ भागिले २८, म्हणजे ६७ टक्क्यांवर येते. सिम्युलेशन याहून बरेच जास्त दाखवत असेल तर त्यामागे हार्मोनिकचा हातभार असतो. तो खरा आहे की मॉडेलचा भास, हे तपासा.

हा २८.८ ओहम ट्रान्झिस्टरच्या आतल्या करंट जनरेटरला दिसायला हवा, पॅकेजच्या पायाला नव्हे. मध्ये आउटपुट कपॅसिटन्स आणि बाँड वायरचे इंडक्टन्स असते. पायापाशी २८.८ ओहम मॅच करून 'पॉवर का येत नाही' म्हणत बसलेला कोणी ना कोणी प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतो. मॉडेल आतल्या प्रतलाचे व्होल्टेज-करंट उघड करत असेल तर तिथली लोड लाइन काढून बघा.

मग लोड-पुल चालवा, दोन पॉवरवर. एकदा पूर्ण पॉवरचे कंटूर काढा आणि एकदा ६ डीबी खालच्या कार्यक्षमतेचे. दुसऱ्या कंटूरचे केंद्र जास्त रेझिस्टन्सकडे, इष्टतम लोडच्या दुपटीच्या आसपास सरकलेले दिसेल. पॉवर कमी असताना लोड मोठा हवा आणि पॉवर वाढली की लहान: डोहर्टीचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी आहे.

## ५. डोहर्टी जोडणे

विल्यम डोहर्टीने ही रचना १९३६ मध्ये बेल लॅब्समध्ये, व्हॅक्यूम ट्यूबच्या एएम ट्रान्समीटरसाठी मांडली. आज ट्यूबच्या जागी ट्रान्झिस्टर आले आहेत, तत्त्व तेच आहे. दोन अ‍ॅम्प्लिफायर असतात. मुख्य अ‍ॅम्प्लिफायर क्लास एबी मध्ये कायम चालू. पीकिंग अ‍ॅम्प्लिफायर क्लास सी बायसवर, कमी पॉवरला झोपलेला. मुख्याच्या आउटपुटला पाव-तरंगलांबीची लाइन.

आकडे धरून बघू. दोन्ही ट्रान्झिस्टर १० वॅटचे आणि दोन्हींची मॅचिंग नेटवर्क ५० ओहमला बांधलेली. जोडबिंदूवर २५ ओहमचा लोड ठेवायचा. तो ३५.४ ओहमच्या पाव-तरंग लाइनने बाहेरच्या ५० ओहमपर्यंत नेतात. मुख्य बाजूची लाइन ५० ओहमची. पीकिंग बंद असताना ही लाइन २५ ओहमचे १०० करून मुख्याला दाखवते. दुप्पट लोडमुळे मुख्य अ‍ॅम्प्लिफायर ५ वॅटलाच पूर्ण व्होल्टेज स्विंग गाठतो आणि तिथेच त्याची कार्यक्षमता शिखरावर जाते. एकूण २० वॅटच्या मानाने हे ६ डीबी खाली आहे. यापुढे पीकिंग जागा होतो आणि जोडबिंदूत करंट ढकलतो. लाइनच्या टोकाला दिसणारा इम्पिडन्स २५ वरून ५० पर्यंत चढतो, म्हणून मुख्याला दिसणारा १०० वरून ५० पर्यंत उतरतो. व्होल्टेज तेवढेच राहून करंट वाढत जातो आणि २० वॅटला दोघेही पूर्ण भरतात.

६ डीबी अपुरे पडत असतील तर पीकिंग मोठा घ्या. पीकिंगचा कमाल करंट मुख्याच्या दीडपट असेल तर पहिले शिखर सुमारे ८ डीबी खाली जाते. दुप्पट असेल तर साडेनऊ डीबी. मोह आवरा, कारण दोन शिखरांमधली दरी त्याबरोबर खोल होते. पहिल्या पायरीतला हिस्टोग्राम इथे पुन्हा उघडा आणि शिखर सिग्नलच्या सरासरीच्या आसपास ठेवा.

आता खाचखळगे. डोहर्टीत वेळ जातो तो इथेच.

बंद पीकिंग खरोखर बंद दिसत नाही. बायस बंद असला तरी त्याचा आउटपुट कपॅसिटन्स आणि मॅचिंग नेटवर्क मिळून जोडबिंदूला भलताच इम्पिडन्स दाखवतात आणि मुख्याची पॉवर तिकडे झिरपते. पीकिंगच्या आउटपुटला ५० ओहमच्या लाइनचा योग्य लांबीचा तुकडा जोडून तो बिंदू स्मिथ चार्टवर ओपनच्या जागी फिरवून न्यावा लागतो. याला ऑफसेट लाइन म्हणतात. मुख्य बाजूलाही अशी लाइन लागते, नाहीतर बाहेर दिसणारे १०० ओहम आतल्या करंट जनरेटरपाशी दुप्पट इष्टतम लोड न होता दुसरेच काही होतात.

पीकिंगला पुरेसा करंट मिळत नाही. क्लास सी मध्ये तो उशिरा जागा होतो, म्हणून सारखाच ड्राइव्ह दिला तर मुख्याइतका करंट तो कधीच गाठत नाही. परिणामी मुख्याचा लोड पूर्ण उतरत नाही आणि वरची दोन-एक डीबी पॉवर गायब होते. इनपुटचे विभाजन असमान करा, पीकिंगला जास्त द्या, किंवा त्याचा ट्रान्झिस्टर मोठा घ्या.

फेज एकाच पॉवरवर जुळवलेली असते. मुख्याच्या आउटपुटला पाव-तरंग लाइन आहे, म्हणून पीकिंगच्या इनपुटलाही तेवढाच उशीर द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असते. पण क्लास सी ची फेज ड्राइव्हबरोबर सरकते. पीकिंग जागा होतो त्या बिंदूपासून वरपर्यंत, निदान चार-पाच पातळ्यांवर, जोडबिंदूतल्या दोन्ही करंटची फेज काढून बघा.

बँडविड्थ खालच्या पॉवरला आवळते. पूर्ण पॉवरला ५० ओहमच्या लाइनला ५० ओहमच दिसतात, रूपांतर शून्य, बँड रुंद. पीकिंग बंद असताना तीच लाइन २५ चे १०० करते, म्हणजे चौपट रूपांतर. त्यामुळे पूर्ण पॉवरचा सपाट ग्राफ बघून खूश होण्यात अर्थ नाही. बँडच्या दोन्ही कडांवर, ६ डीबी खाली काय मिळते ते बघा.

गेटची मर्यादा. गॅलियम नायट्राइडच्या पीकिंगचा गेट आधीच खोल ऋण व्होल्टेजवर असतो आणि आरएफचा ऋण स्विंग त्याला आणखी खाली ओढतो. दोन्हींची बेरीज डेटाशीटच्या गेट-सोर्स मर्यादेच्या आत हवी.

शिवाय कमी पॉवरला इनपुटचा अर्धा भाग झोपलेल्या पीकिंगच्या गेटवर खर्ची पडतो, म्हणून एकट्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा गेन सुमारे ३ डीबीने कमी भरतो. ड्रायव्हर निवडताना हे धरा. ड्रायव्हरची वीजही शेवटी तुमच्याच हिशेबात येते.

## ६. पुरवठा हलवायचा असेल तर

एन्व्हलप ट्रॅकिंगमध्ये लोड तोच राहतो आणि ड्रेनचे व्होल्टेज एन्व्हलपच्या मागे-मागे चालते. एकूण कार्यक्षमता दोन आकड्यांचा गुणाकार असते. अ‍ॅम्प्लिफायरची ७५ टक्के आणि पुरवठा मॉड्युलेटरची ८० टक्के असेल तर हातात ६० टक्केच उरतात. फक्त पहिला आकडा दाखवणाऱ्या ग्राफकडे संशयाने बघा.

एन्व्हलपची बँडविड्थ सिग्नलपेक्षा बरीच जास्त असते. २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला मॉड्युलेटर त्याच्या काही पट वेगाचा लागतो. आरएफ आणि पुरवठा यांच्या वेळेत नॅनोसेकंदाचाही फरक पडला तर शेजारच्या चॅनेलमधली गळती लगेच वाढते. व्होल्टेज शून्यापर्यंत नेऊ नका. ड्रेन व्होल्टेज खूप खाली गेले की गेन कोसळतो आणि आउटपुट कपॅसिटन्स वाढतो, म्हणून शेपिंग टेबलमध्ये (कुठल्या एन्व्हलपला किती व्होल्टेज द्यायचे त्या तक्त्यात) खालची एक पातळी ठरवून द्या.

नवखे जिथे हमखास अडकतात ती जागा ड्रेनवरच्या डीकपलिंगची. स्थिर पुरवठ्याच्या बोर्डवर तिथे मोठमोठे कपॅसिटर असतात. तेच राहू दिले तर मॉड्युलेटरला प्रत्येक एन्व्हलपबरोबर ते भरावे-रिकामे करावे लागतात आणि ते त्याला झेपत नाही. काढून टाकले तर खालच्या फ्रिक्वेन्सीवर अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होऊ शकतो. म्हणून हा निर्णय लेआउटच्या आधी, मॉड्युलेटरचा आउटपुट इम्पिडन्स हाती घेऊन करायचा असतो.

## ७. स्थिरता

के फॅक्टर (एस-पॅरामीटरवरून काढलेला स्थिरतेचा आकडा) एकपेक्षा जास्त आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो एका बायसवरचा, लहान सिग्नलचा आकडा आहे. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बायस, पुरवठा किंवा लोड यांपैकी काहीतरी सतत हलत असणार. डीसीच्या जवळपासून ट्रान्झिस्टरचा गेन संपेपर्यंत, बायस आणि ड्रेन व्होल्टेजच्या सगळ्या टोकांवर तपासा. खालच्या फ्रिक्वेन्सीवर गेन प्रचंड असतो, म्हणून गेटच्या वाटेत रेझिस्टर-कपॅसिटरची समांतर जोडी आणि गेट बायसच्या लाइनमध्ये एक लहान रेझिस्टर जवळपास नेहमीच लागतो. दोन ट्रान्झिस्टर आले की त्यांच्यात आपापसात फिरणारे ऑड-मोड ऑसिलेशन होऊ शकते, आणि ते इनपुट-आउटपुटवरून काढलेल्या के फॅक्टरमध्ये दिसत नाही.

## ८. बोर्ड आणि उष्णता

आउटपुट बाजूचा प्रत्येक दशांश डीबी थेट कार्यक्षमतेतून वजा होतो. मॅचिंगमध्ये ०.३ डीबी गेले तर ७० टक्क्यांचे ६५ होतात. एफआर-४ चा लॉस टँजंट ०.०२ च्या आसपास असतो, आरएफ लॅमिनेटचा त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. बचत करायची तर इनपुट बाजूला करा.

हीटसिंक पूर्ण पॉवरच्या आकड्यावर काढू नका. आदर्श क्लास बी मध्ये सर्वाधिक उष्णता पूर्ण पॉवरला निर्माण होत नाही. ती सुमारे ४० टक्के पॉवरला होते. १० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिखराला २.७ वॅट उष्णता आणि ४ वॅट आउटपुटला ४ वॅट. डोहर्टीत मुख्य ट्रान्झिस्टर पीकिंगपेक्षा बराच जास्त तापतो, तेव्हा दोघांचे तापमान वेगवेगळे मोजा.

## ९. पहिल्यांदा चालू करताना

गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर सहसा गेट शून्य व्होल्टवर असताना पूर्ण चालू असतात. म्हणून क्रम चुकला की ट्रान्झिस्टर गेला. चालू करताना:

१. गेटला पिंच-ऑफच्याही (ट्रान्झिस्टर बंद होतो त्या व्होल्टेजच्या) खालचे ऋण व्होल्टेज.
२. करंट लिमिट लावून ड्रेन, आधी कमी व्होल्टेजवर, मग पूर्ण.
३. गेट सावकाश वर आणत शांत करंट ठरवणे.
४. सगळ्यात शेवटी आरएफ.

बंद करताना बरोबर उलट. एकाच स्विचवर दोन्ही पुरवठे ठेवू नका. वीज गेली तर गेटच्या आधी ड्रेन पडेल असे सिक्वेन्सिंग सर्किट अंतिम बोर्डवर हवेच.

पहिल्यांदा आरएफ देण्याआधी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर काही शे किलोहर्ट्झपासून दुसऱ्या हार्मोनिकच्या पुढेपर्यंत उघडा ठेवा. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर रेघा उगवल्या किंवा ड्रेन करंटने अचानक उडी मारली, तर तिथेच थांबा. ऑसिलेशन आहे.

## १०. मोजमाप

२० वॅट म्हणजे ४३ डीबीएम. ३० डीबी अटेन्युएटरनंतर १३ डीबीएम उरतात, जे बहुतेक पॉवर सेन्सर पेलतात. अटेन्युएटर मात्र २० वॅट सतत सोसणारा हवा. तो तापला की त्याचे मूल्यही किंचित सरकते.

कार्यक्षमतेच्या आकड्यात सर्वात मोठी चूक इथूनच शिरते. केबल आणि अटेन्युएटरच्या हिशेबात ०.५ डीबीची गफलत झाली तर पॉवरमध्ये १२ टक्क्यांचा फरक पडतो आणि खरे ६० टक्के असलेले ६७ दिसतात. पूर्ण साखळी नेटवर्क अ‍ॅनालायझरवर, त्याच फ्रिक्वेन्सीला मोजून घ्या. पॉवर मीटर हार्मोनिकही मोजतो, म्हणून त्याच्या आधी लो-पास फिल्टर ठेवा. ड्रेन व्होल्टेज पुरवठ्याच्या डिस्प्लेवरून वाचू नका. बोर्डवर, ट्रान्झिस्टरच्या जवळ मोजा. कुठली कार्यक्षमता सांगत आहात तेही लिहा: ड्रेनची, की इनपुट पॉवर वजा करून काढलेली पीएई. गेन १० डीबी असेल तर दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक पडतो, ६० चे ५४.

एकाच पॉवरच्या सीडब्ल्यू (मॉड्युलेशन नसलेल्या) सिग्नलवर थांबू नका. किमान १२ डीबी खालपासून पूर्ण पॉवरपर्यंत, एकेका डीबीच्या पायऱ्यांनी, बँडच्या तळाला, मध्याला आणि वर: गेन, फेज, ड्रेन करंट, कार्यक्षमता. त्यानंतर खरा सिग्नल. गेनचा ग्राफ थोडा वाकडा असेल तर डिजिटल प्रीडिस्टॉर्शन (सिग्नल आधीच उलटा वाकवून पाठवणे) तो सरळ करते. पण त्याच इनपुटला चढताना एक गेन आणि उतरताना दुसरा येत असेल, म्हणजे ग्राफ रेघेऐवजी ढग दिसत असेल, तर तो मेमरी इफेक्ट आहे. त्याचे मूळ बहुधा ड्रेन बायसच्या लाइनमध्ये सापडते: सिग्नलच्या बँडविड्थएवढ्या फ्रिक्वेन्सीला तिचा इम्पिडन्स पुरेसा कमी नसतो. एलटीई बेस स्टेशनला शेजारच्या चॅनेलमधली गळती ४५ डीबीने खाली ठेवावी लागते. प्रीडिस्टॉर्शन लावूनही ४०-४२ वरच अडत असाल, तर अल्गोरिदम बदलण्याआधी त्या लाइनवरचे कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या आणखी जवळ आणून बघा.